फिलिप बेट : पेंग्विनांच्या घरचे पाहुणे

पाहुणचाराचे नियम आपल्या समाजांत यजमानाकरितां पुष्कळ सांगितले जातात. पाहुण्याकरितां मात्र फारसे सांगितले जात नाहींत. पाहुण्यास बसावयास द्यावें, पाणी द्यावें, त्याच्या ताटांत आधीं वाढावें, हें घरोघरीं लहान मुलांसहि शिकविलें जातें. परंतु पाहुण्यानें घरच्या माणसांच्या निजण्याच्या वेळीं मोठ्यानें बोलूं नये, पाळण्यांतील मूल उठवूं नये, न विचारतां आंतल्या खोलींत शिरूं नये, हेंहि तितकेंच अगत्याचें आहे. माणसाच्या घरीं हे नियम मोडले तर यजमान दोन शब्द बोलून तरी दाखवील. ज्या यजमानास बोलतांच येत नाहीं, त्याच्या घरीं आपण पाहुणे म्हणून गेलों तर कसें वागावें, याचें एक बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळील एका बेटावर पाहावयास मिळतें. त्याची माहिती आमच्या विद्यार्थिवाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

या बेटाचें नांव फिलिप बेट. व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न हिच्यापासून मोटारीनें सुमारें १४० किलोमीटर गेलें म्हणजे समुद्रकांठीं सॅन रेमो हें गांव लागतें, आणि तेथील पूल ओलांडला कीं आपण बेटावर येतों. बेट सुमारें २६ किलोमीटर लांब व ९ किलोमीटर रुंद आहे. न्यू साउथ वेल्सचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याचें नांव युरोपियनांनीं त्यास दिलें. परंतु त्यांच्या पूर्वीं हजारों वर्षें त्या किनाऱ्यावर वावरत आलेले बुनुरॉंग लोक त्यास मिलोवल म्हणतात. अलीकडे महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबें मेलबर्न शहरीं राहावयास गेलीं आहेत, आणि मुलाकडे अगर मुलीकडे गेलेल्या आईबापांस हें बेट दाखविण्याची तेथें चालच पडली आहे. तेव्हां हा विषय आपल्या वाचकांस अगदींच परका नाहीं.

बेटाच्या पश्चिम टोंकास समरलँड नांवाचें एक लहानसें द्वीपकल्प समुद्रांत शिरलेलें आहे. हेंच पेंग्विनांचें गांव. पेंग्विन म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बर्फ उभें राहातें. येथें मात्र बर्फ नाहीं, वाळूचा किनारा आहे आणि त्यामागें गवताळ टेंकड्या आहेत. सर्व पेंग्विनांत ही जात लहान. उंची सुमारें ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेंतील फूटपट्टी उभी धरली तर तिच्याहून किंचित् अधिक. आणि वजन सुमारें एक किलोग्रॅम. पाठ निळी, पोट पांढरें. या दोन रंगांचाहि उपयोग आहे. वरून पाहाणाऱ्या शिकारी पक्ष्यास निळी पाठ पाण्याच्या रंगांत मिसळलेली दिसते, आणि खालून येणाऱ्या शत्रूस पांढरें पोट आकाशाच्या उजेडांत ओळखूं येत नाहीं. या पक्ष्यास उडतां येत नाहीं. परंतु पंखांचीं वल्हीं करून तो दिवसाकांठीं १५ ते ५० किलोमीटर पोहतो आणि लहान मासे व माकूल मारून पोट भरतो.

समुद्रांत इतका चपळ असणारा हा जीव जमिनीवर मात्र अगदीं दुबळा होतो. आणि जमिनीवर आल्यावांचून त्याचें चालत नाहीं. कारण त्याचें घर, म्हणजे बीळ, टेंकडीवरील मातींत असतें. मादी बहुधा दोन अंडीं घालते. नर व मादी आळीपाळीनें सुमारें ३५ दिवस तीं उबवितात. पिलें आठ ते दहा आठवड्यांचीं होऊन समुद्राची वाट धरीपर्यंत आईबाप दिवसभर मासे पकडून रात्रीं तीं त्यांस भरवितात. पुढें वर्षांतून एकदां, उन्हाळ्याच्या अखेरीस, प्रौढ पक्ष्यांचीं जुनीं पिसें गळून नवीं येतात. या कामास सुमारें १७ दिवस लागतात. तोंपर्यंत अंगांत पाणी शिरूं न देणारा पिसांचा झगा तयार नसल्यामुळें पक्षी पोहूं शकत नाहीं. अर्थात् त्यास उपाशीं बसावें लागतें. म्हणून आधींचे कांहीं आठवडे भरपूर खाऊन तो अंगावर चरबी सांठवून ठेवितो. आयुष्याच्या या सर्व नाजूक गोष्टी, अंडीं, पिलें आणि पिसांचा पालट, जमिनीवरच घडतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां तो घरीं येतो कसा, तें पाहूं. दिवसा उजेडीं किनारा ओलांडणें म्हणजे गरुड व मोठे समुद्रपक्षी यांच्या तावडींत आपण होऊन सांपडणें होय. म्हणून सूर्य मावळेपर्यंत पेंग्विन लाटांपलीकडे थांबून राहातात आणि तेथें हळूहळू त्यांचे घोळके जमतात. अंधार पडूं लागला कीं फेंसाच्या कडेस पांचदहा पांढरे ठिपके उभे राहिलेले दिसतात. ते लगेच पुढें येत नाहींत. मान उंच करून इकडे तिकडे पाहातात. एकाद्याच्या मनांत शंका आली कीं सारा घोळका पाण्यांत परत शिरतो. पुन्हां दुसरी लाट, पुन्हां तेंच थबकणें. शेवटीं धीर करून सर्वजण एकत्र निघतात आणि डुलत डुलत, पण त्यांच्या मानानें शक्य तितक्या घाईनें, ती उघडी वाळू ओलांडून गवतांत शिरतात. तेथें पोंचले म्हणजे त्यांच्या जिवांत जीव येतो. मग प्रत्येकजण ओळखीच्या पायवाटेनें आपआपल्या बिळाकडे वळतो आणि सगळी टेंकडी त्यांच्या हांकांनीं भरून जाते.

या वाळूच्या पट्टींतच आपला त्यांचा संबंध येतो. समजा, त्याच वेळीं एक मनुष्य त्यांच्या वाटेवर उभा राहिला. त्याच्या मनांत कांहींच वाईट नाहीं. त्यास फक्त जवळून पाहावयाचें आहे. परंतु फूटभर उंचीच्या पक्ष्यास तो डोंगराएवढा दिसतो. घोळका परत फिरतो, तासभर लाटांत खोळंबतो, आणि तिकडे बिळांत पिलें चोंच उघडून वाट पाहात राहातात. त्या मनुष्यानें कोणास मारलें नाहीं, पकडलें नाहीं. तो नुसता उभा होता. एकाच्या जागीं शंभर माणसें आणि एका रात्रीच्या जागीं वर्षांतील प्रत्येक रात्र धरली म्हणजे नुसत्या पाहाण्यानेंहि केवढी हानि होऊं शकेल, याची कल्पना येते.

ही कल्पना फिलिप बेटावरील लोकांस लवकर आली नाहीं. इ. स. १९२० नंतरच्या दहा वर्षांत तेथील कांहीं रहिवासी बाहेरच्या माणसांस रात्रीं मशाली व दिवे घेऊन पेंग्विन दाखवावयास नेऊं लागले. त्याच सुमारास समरलँड द्वीपकल्पावर जमिनीचे तुकडे पाडून ते घरांकरितां विकण्यास आरंभ झाला. १९४० मध्यें बेटास जोडणारा पहिला पूल बांधला गेला आणि मोटारींचा ओघ सुरू झाला. पेंग्विनांच्या टेंकड्यांवर सुट्टींत राहावयाचे बंगले उठले, रस्ते झाले, कुत्रीं व मांजरें आलीं. रात्रीं घरीं परतणारे पक्षी मोटारींखालीं सांपडूं लागले. पूर्वीं या एका बेटावर पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. त्यांपैकीं नऊ एकामागून एक नाहींशा झाल्या. १९८० च्या सुमारास समरलँडची एकच काय ती उरली होती, आणि असेंच चालूं राहिल्यास शतक संपण्याच्या आंत तीहि नष्ट होईल, असा इशारा अभ्यासकांनीं दिला. येथें १९६८ पासून पेंग्विनांचें पद्धतशीर निरीक्षण चाललें होतें, म्हणून हा इशारा पोकळ भीतीचा नव्हता, मोजदादीचा होता.

अशा वेळीं एक विलक्षण निर्णय घेण्यांत आला. १९८५ सालीं व्हिक्टोरिया सरकारनें ठरविलें कीं, समरलँड द्वीपकल्पावरील सर्व खाजगी भूखंड व घरें विकत घ्यावींत, बांधकामें काढून टाकावींत आणि ती जमीन पेंग्विनांस परत द्यावी. भूखंडांची संख्या सातशेंहून अधिक होती. काम हळूहळू चाललें आणि तें पुरें होण्यास २०१० साल उजाडलें; म्हणजे सारीं २५ वर्षें लागलीं. ज्यांचीं तेथें घरें होतीं, त्यांच्या दृष्टीनें हें सोपें नव्हतें. पैसा मिळाला तरी ज्या अंगणांत मुलें खेळलीं तें अंगण पैशानें भरून निघत नाहीं. परंतु माणसास दुसरीकडे घर बांधतां येत होतें, आणि या वसाहतीस दुसरी जागा उरली नव्हती. एक वसलेली वस्ती पक्ष्यांकरितां समूळ उठवावी, असें उदाहरण जगांत क्वचितच सांपडेल. आज जेथें बंगले होते तेथें गवत व झुडपें आहेत आणि त्यांच्या मुळांशीं बिळें आहेत. सध्यां या वसाहतींत ३० ते ४० हजार पेंग्विन आहेत, असा अंदाज केला जातो.

घरें गेलीं तरी एक शत्रु शिल्लक होता. युरोपांतील तांबडा कोल्हा, आपल्याकडील खोकडाचा हा भाऊबंद, इंग्रज लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत शिकारीच्या हौसेकरितां व्हिक्टोरियांत आणिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फिलिप बेटावर पोंचला. एक कोल्हा एका रात्रींत भुकेपेक्षां कितीतरी अधिक पेंग्विन मारूं शकतो. कारण जमिनीवर पळतां न येणाऱ्या पक्ष्याचा अनुभव त्याच्या मूळ देशांत त्यास कधीं आलेला नव्हता, आणि त्या पक्ष्यासहि कोल्ह्याचा नव्हता. अनेक वर्षें चिकाटीनें प्रयत्न केल्यानंतर २०१७ मध्यें बेट कोल्ह्यांपासून मुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. माणसानें चार दिवसांच्या करमणुकीकरितां आणिलेली वस्तु काढून टाकण्यास शंभर वर्षें लागतात, हा धडा येथें अनायासें मिळतो.

आतां पाहुण्यांचे नियम पाहूं. १९९६ पासून फिलिप बेट निसर्गोद्यान ही सरकारी संस्था येथील सर्व व्यवस्था पाहाते. रात्रीं पेंग्विन पाहावयाचे तर ठरलेल्या ठिकाणीं, पायऱ्यांवर किंवा मचाणांवर, बसूनच पाहावे लागतात. वाळूवर उतरतां येत नाहीं. दिवे मंद ठेविलेले असतात. बोलावयाचें तर हळू, आणि घोळका पाण्याबाहेर येत असतां कोणीं उठून उभें राहावयाचें नाहीं. चालावयाचें तें लांकडी पुलवाटेवरूनच. कारण टेंकडीवरील माती बिळांनीं पोंखरलेली असते, आणि माणसाचें एक पाऊल चुकीच्या जागीं पडलें तर खालचें घर अंड्यांसह खचतें. सूर्यास्ताच्या सुमारास द्वीपकल्पाच्या टोंकाकडील रस्ता मोटारींस बंद होतो. परत निघतांना आपल्या मोटारीखालीं वांकून पाहावें, अशी सूचना तेथें लाविलेली असते; कारण एकादा पेंग्विन आडोसा समजून चाकाशीं बसलेला असण्याचा संभव असतो.

सर्वांत कठीण वाटणारा नियम छायाचित्रांचा आहे. पेंग्विनांच्या आगमनाच्या वेळीं कॅमेरा किंवा मोबाइल फोन, कशानेंहि छायाचित्र काढण्यास मनाई आहे. अंधारास सरावलेल्या डोळ्यांवर एकाएकीं झगझगीत प्रकाश पडला कीं पक्षी दिपून जातो, बावरतो, वाट चुकतो. कोणी म्हणेल, आम्ही प्रकाशाचें बटण बंद ठेवूं. परंतु हजारों पाहुण्यांत एकाचें जरी बटण चुकून चालूं राहिलें तरी त्याचा परिणाम पक्ष्यांस भोगावा लागतो. म्हणून नियम सर्वांस सारखा. हा नियम पाळल्यानें पाहुण्याचेंहि कांहीं नुकसान होत नाहीं, असें आमचें मत आहे. ज्याच्या हातांत फोन नाहीं तो मनुष्य डोळ्यांनीं पाहातो, कानांनीं ऐकतो, आणि घरीं आल्यावर जें पाहिलें तें स्वतःच्या शब्दांत सांगूं शकतो. निबंधलेखनास याहून चांगली तयारी कोणती?

प्रकाशाचा हाच विषय बेटाच्या दुसऱ्या एका पक्ष्यासंबंधानें येतो. आखूड शेंपटीचा शिअरवॉटर नांवाचा काळसर समुद्रपक्षी सप्टेंबरच्या अखेरीस येथें येतो, वूलामाई भूशिरावर व आसपास बिळें करून एकेकच पिलूं वाढवितो, आणि शरद ऋतूंत, म्हणजे तेथील एप्रिलांत, उत्तर गोलार्धांतील बेरिंग समुद्राकडे जावयास निघतो. आईबाप आधीं जातात. पिलें मागून, कोणी वाट न दाखवितां, रात्रीं उड्डाण करितात. त्यांस रस्त्यावरील दिवे दिसले म्हणजे तीं भुलून खालीं उतरतात आणि मोटारींखालीं चिरडलीं जातात. म्हणून या दिवसांत बेटाच्या पुलावरील दिवे कांहीं रात्रीं मालविण्यांत येतात, मोटारींचा वेग कमी ठेवण्यास सांगण्यांत येतें, आणि रस्त्यावर उतरलेलीं पिलें स्वयंसेवक उचलून सुरक्षित जागीं नेतात. माणसांचा पूल पांखरांकरितां अंधारांत ठेवावयाचा, ही गोष्ट ऐकावयास लहान आहे. तिच्यामुळें हजारों मैलांचा पहिलाच प्रवास मात्र सुखरूप सुरू होतो.

कोणास वाटेल कीं, रात्रीं एवढी काळजी घेतली म्हणजे दिवसा किनारा आपला. तसेंहि नाहीं. फिलिप बेटाच्या वाळूवर हुडेड प्लोव्हर नांवाचा एक लहान पक्षी राहातो. हा आपल्या टिटवीच्याच कुळांतला. डोकें काळें, जणूं टोपडें घातलेलें. तो घरटें बांधीत नाहीं. भरतीच्या रेषेच्या जरा वर, उघड्या वाळूंत खळगा करून अंडीं घालतो. अंडीं वाळूच्या रंगाचीं असल्यामुळें चालणाऱ्या माणसास तीं दिसत नाहींत. मनुष्य किंवा कुत्रा जवळ आला कीं आईबाप अंड्यांपासून दूर पळून त्याचें लक्ष दुसरीकडे वेधतात. आणि तेवढ्या वेळांत उन्हाळ्याच्या उन्हांत अंडीं तापून वायां जाऊं शकतात. पिलांची स्थिति याहून बिकट. त्यांस जन्मापासून स्वतःच अन्न वेंचावें लागतें, आणि उडतां येण्यास सुमारें पांच आठवडे लागतात. किनाऱ्यावर दिवसभर माणसांची वर्दळ असली तर तीं लपून बसतात, आणि लपलेल्या पिलास खातां येत नाहीं. म्हणून घरट्यांभोंवतीं दोरीचें कुंपण व पाटी लाविलेली असते. उपाय साधा आहे : पाटी दिसतांच वळसा घालावा, ओल्या वाळूवरून पाण्याच्या कडेनें चालावें, कुत्रा असल्यास दोरीनें बांधावा, आणि सर्व मंडळींनीं एकत्र राहावें.

येथवर आम्हीं काय करूं नये हेंच बहुतेक सांगितलें. काय करावें, याचेंहि एक उदाहरण या बेटानें दिलें आहे. जहाजांतून सांडलेलें तेल पेंग्विनाच्या पिसांस लागलें म्हणजे पिसें एकमेकांस चिकटून थंड पाणी अंगास भिडतें. शिवाय पक्षी चोंचीनें पिसें साफ करूं लागला कीं तें विष पोटांत जातें. अशा पक्ष्यांस धुवून काढण्यापूर्वीं लोकरीची लहानशी बंडी घालतात. त्यामुळें ऊब राहाते आणि चोंच तेलापर्यंत पोंचत नाहीं. या बंड्या देशोदेशींच्या लोकांनीं, विशेषतः वृद्ध स्त्रीपुरुषांनीं, विणून पाठविल्या. २००१ मधील तेलगळतींत ४३८ पेंग्विन सांपडले होते. त्यांपैकीं शेंकडा ९६ पक्षी बरे करून पुन्हां समुद्रांत सोडतां आले. बंडी नेहमीं लागत नाहीं. परंतु वाळूवर पडलेली मासेमारीची दोरी, प्लॅस्टिकची पिशवी, फुटलेला फुगा उचलणें हें रोजचें काम आहे. बेटाजवळच्या सील खडकांवर हजारों सील राहातात. असा कचरा गळ्यांत अडकून त्यांतील कित्येकांस फांस बसतो.

यावर एक शंका निघण्यासारखी आहे. आपल्या जाण्यानें इतका त्रास होतो, तर मुळींच न जाणें बरें नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि कांहीं किनाऱ्यांच्या बाबतींत तिचें उत्तर होकारार्थीं द्यावें लागेल. फिलिप बेटावर मात्र पाहुण्यांच्या तिकिटाच्या पैशांतूनच संशोधन, बिळांची निगा, झाडें लावणें, शत्रुप्राण्यांचा बंदोबस्त आणि जखमी पक्ष्यांची शुश्रूषा हीं कामें चालतात. दुसरें असें कीं, जें कधीं पाहिलेंच नाहीं त्याची काळजी फार थोडे लोक वाहातात. तेव्हां प्रश्न जाण्याचा नाहीं, जाण्याच्या रीतीचा आहे. २०१९ मध्यें तेथील पाहुण्यांची मुख्य इमारत नव्यानें उभारली गेली, तेव्हां जुन्या इमारतीची जागा मोकळी करून पेंग्विनांस देण्यांत आली. पाहुण्यांकरितां सोय करितांना स्वतः पाहुण्यांनींच थोडें मागें सरावें, असें त्या व्यवस्थेचें धोरण दिसतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं थोड्यांसच फिलिप बेट पाहावयास मिळेल. पण रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें तुम्हीं सहज जाऊं शकाल. तेथें ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकांसवें वाळूंत अंडीं घालतात, आणि २००२ पासून गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांचें रक्षण केलें जातें. वाळूंतून वर आलेलें पिलूं उजेडाच्या दिशेनें चालतें. समुद्रावरील आकाशाचा उजेड हीच त्याची खूण. किनाऱ्यावर कोणाची विजेरी लागली तर तें समुद्राकडे पाठ फिरवून तिच्याकडे येतें. देश निराळा, प्राणी निराळा, परंतु पाहुण्याचें कर्तव्य तेंच : दिवा मालवावा, दोरीच्या अलीकडे उभें राहावें, हात लावूं नये, आणि आपण आलों होतों याची खूण मागें ठेवूं नये. समरलँडच्या लोकांस त्यांच्या किनाऱ्याकरितां घरें सोडावीं लागलीं. आपणांस तासभर विजेरी बंद ठेवावयाची आहे, एवढेंच. तेवढें आमच्या शाळेंतील मुलें आनंदानें करतील, अशी आमची खातरी आहे.